स्वयंपाकघरासह हॉटेल

बायकोला स्वयंपाकातून सुट्टी मिळावी म्हणून मी जे हॉटेल निवडलं, त्यात स्वयंपाकघर होतं.

ते चुकून नशिबी आलं असंही नाही. मी ते शोधून काढलं होतं. फोन करून "किचन नक्की आहे ना? गॅस चालू आहे ना?" असं विचारून घेतलं होतं. पलीकडचा माणूस "हो साहेब, सगळं आहे" म्हणाला, तरी माझं समाधान झालं नाही. मी कुकरचंही विचारलं. कुकरसुद्धा आहे म्हटल्यावर मला जो आनंद झाला, तो आठवला की आजही शरमेनं चालता चालता कुठंतरी टेकावंसं वाटतं.

आमची ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा देवळीच्या पुढं एका खेड्यात आणि आम्ही राहतो वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला. उजाडायच्या आत उठून ती सगळ्यांचे डबे करते, माझ्या आईचं बिनतिखटाचं वेगळं काढते, वर्ध्याच्या स्टँडवर जाऊन एसटी धरते, आणि संध्याकाळी परत आली की पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी विचारते, "आज काय करू?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कुणाकडेच नसतं. ती काही सुचवते, त्याला हरकत मात्र प्रत्येकाची असते.

मुलीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि तिनं जाहीर केलं की तिला मुंबई-पुण्याच्या मधल्या त्या मोठ्या पार्कात जायचं आहे, जिथं माणसाला उलटं टांगून फिरवतात. आई म्हणाली, "मीबी येतो. घरी एकटी राहून भिताडं पाहू काय?" दोन-चार दिवसांनी ही पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले पार्क नाई पाह्यलं तरी चालते. मले हॉटेलात राह्यचं हाये."

"म्हणजे?"

"म्हणजे हॉटेलात. सकाळी उठाचं नाई. पडून राह्यचं. आज काय करायचं हे मले कोणी विचारलं नाई पायजे अन् मीबी कोणाले नाई विचारणार. एक सकाळ बस."

पोळी तव्यावर गेली. विषय संपला. एवढंच तिचं मागणं.

हे मागणं नीट समजायला आमच्याकडची रीत ठाऊक पाहिजे. आमच्याकडे परगावी जाणं म्हणजे कुणाच्या तरी घरी जाणं. त्या गावात मावसबहीण असते, चुलत दीर असतो, कुणी नसलंच तर शेजाऱ्याचा जावई तरी निघतोच. त्याला टाळून हॉटेलात उतरलात तर तो पुढची लग्नं-कार्यं तुमच्याशी बोलत नाही. आणि घरी उतरलेली बाई चहा पिऊन झाला की कप विसळायच्या निमित्तानं त्या घरच्या ओट्याशी जाते आणि मग परतीच्या गाडीपर्यंत तिथंच असते. लग्नानंतर माझ्या बायकोनं नागपूर पाहिलं, अमरावती पाहिली, औरंगाबादही पाहिलं. पण प्रत्येक शहराचा तिला ओटाच जास्त आठवतो. औरंगाबादचा, म्हणते, फार उंच होता.

तर बिनओट्याची एक सकाळ. कुणाही शहाण्या माणसानं पार्काच्या शेजारचं एखादं सरळ हॉटेल घेतलं असतं आणि झोपला असता. पण मी पडलो कॉलेजच्या ऑफिसातला लिपिक. आमच्याकडे खराटा घ्यायचा तरी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवावी लागतात आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करून सही घ्यावी लागते. हे करता करता माणसाचं डोकंच तसं होतं. बाजारात वांगी घेतानाही मी तिसऱ्या गाडीपर्यंत जाऊन येतो, आणि तोवर पहिल्या गाडीवरची चांगली वांगी संपलेली असतात.

मी तक्ता केला. एक हॉटेल पार्काला चिकटून. मुलीनं त्याचे फोटो दाखवले तेव्हा ही कणकेच्या हातानं मोबाईलजवळ आली आणि पांढऱ्याशुभ्र पलंगाकडे बराच वेळ पाहत राहिली. दुसरा एक लॉज हायवेवरचा. आमच्या हेडक्लार्कच्या साडूनं तिथं कधीतरी रात्र काढली होती. आणि तिसरं हे, ज्याला ते लोक सर्व्हिस अपार्टमेंट म्हणत होते. मग मी रकाने पाडले. पार्कापासूनचं अंतर. गरम पाणी. लिफ्ट. गाडी लावायची जागा, ही आमच्याकडे गाडी नसताना. बाल्कनी. स्वयंपाकघर. ज्याच्याकडे जे आहे त्याला बरोबरची खूण. चिकटून असलेल्या हॉटेलला स्वयंपाकघराच्या रकान्यात फुली मिळाली आणि मला चक्क त्याची कीव आली. एवढं मोठं हॉटेल, आणि गॅसची शेगडी नाही! तिसऱ्याच्या पुढं सगळ्या रकान्यांत खुणाच खुणा. मी ऑफिसात सगळ्यांना तक्ता दाखवला. सगळ्यांनी वाहवा केली. आमच्या ऑफिसात सगळे पुरुष आहेत हे इथं सांगून टाकलेलं बरं.

हिला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "सोयपाकघर कायले पायजे?"

"असू दे न. लागलं तर. आईच्या चहापाण्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादं पोरगं पाढा म्हणता म्हणता भलतीकडे निघालं की ती जशी बघत असेल, तसं. मग तिनं वह्या तपासायला घेतल्या. मला वाटलं, पटलं.

जायचं कसं, याचाही घोळ घातलाच. मुलीचं म्हणणं, नागपूरहून विमानानं जाऊ. खाजगी ट्रॅव्हल्सची बस होती, पण रात्रभर पाय लोंबकळत ठेवले तर आईचे गुडघे सुजतात. शेवटी निकाल लावला तुरीच्या डाळीनं. आमच्याकडून मुंबईकडे जाणारा माणूस मोकळ्या हातानं जात नाही. आईचा भाचा, म्हणजे माझा मामेभाऊ, नोकरीनिमित्त कल्याणला गेला तो तिकडचाच झाला. त्याला गावाकडची डाळ आणि तिखट पोचवणं आईच्या लेखी पार्कापेक्षा मोठं काम होतं. तिनं विचारलं, "इमानात पोतडी घेऊन बसू देते काय?" मी म्हटलं, वजन पाहतात. "मंग कायचं इमान!" म्हणून तिनं ते रद्द केलं आणि आम्ही रेल्वेचं तिकीट काढलं.

डाळ पोचवायची म्हणजे मामेभावाला कळवणं आलं. त्यानं फोनवर तेच म्हटलं जे म्हणायची रीत आहे.

"हॉटेलात राह्यतं? काऊन बे, मी मेलो काय?"

आता इथं गप्प बसायचं होतं. पण मला माझ्या निवडीचा गर्व. मी म्हटलं, "अरे, थे हॉटेल नोय. घरच हाये समज. दोन खोल्या, हॉल, सोयपाकघर. कुकरसुद्धा हाये."

तो खुशीत ओरडला, "मंग आमीच येतो न तिकडं! वयनीच्या हातचं मटण खाऊन किती वर्सं झाले!"

मी फोन ठेवला तेव्हा ही दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी काहीतरी कारण काढून बाहेर पडलो आणि नाक्यावरच्या पानठेल्यावर नको असताना उभा राहिलो.

निघायच्या दिवशी सामान पाहिलं तर आमच्या कपड्यांची एकच बॅग आणि बाकी सगळं खाण्याचं. डाळ, तिखट, ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी. ही म्हणाली, "आई, पीठ कायले?" आई म्हणाली, "सोयपाकघर हाये म्हंते न तो. मंग इकतचं काऊन खाचं?" आईचं बरोबरच होतं. गोळी मीच भरून दिली होती; दोष बंदुकीचा नसतो. तरी मी आपला मुलीची ओढणी पिशवीत कोंबण्यात फार गर्क असल्यासारखा राहिलो.

अपार्टमेंट खरंच चांगलं होतं. बाल्कनीतून डोंगर दिसत होता. पांढऱ्या चादरीचे पलंग इथंही होते. हिनं आत येऊन चप्पल काढली, पलंगाच्या कडेला बसली, हातानं चादर जराशी दाबून पाहिली आणि आडवी होणार एवढ्यात आई स्वयंपाकघरातून बोलली, "सूनबाई, इथं चाळणी नाई वं दिसत!"

ती उठली. त्या मुक्कामात दिवसाउजेडी तिची पाठ त्या पलंगाला त्यानंतर लागली नाही.

दुपार कलताना मामेभाऊ, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं आली. मटण त्यानं सोबतच आणलं होतं. "वयनी, तुमाले तरास नको म्हणून साफ करूनच आणलं," असं म्हणाला. मला तो उदारपणा वाटला. त्याची बायको बिचारी भली. ती ओट्यापाशी गेली, पण ही तिला म्हणाली, "तुमी बसा, तुमी पाहुण्या." आपल्याच हॉटेलात हिच्याकडे पाहुणे आले होते! मसाला भाजल्याचा खकाणा उठला तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसं बाल्कनीत येऊन खोकू लागली. खाली राखणदारीला असलेला माणूस धावत आला, वास घेऊन थबकला आणि थोडा रस्सा वाटीत घेऊन गेला. मी हॉलमध्ये बसून भावाला तक्ता कसा केला ते समजावून सांगत होतो. तो मधूनमधून "बढिया, बढिया" म्हणत होता. जेवताना सगळ्यांनी बोटं चाटली. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "भाऊ, तू जागा एक नंबर पाह्यली."

हिच्या कपाळावर घामानं केस चिकटले होते. ती म्हणाली, "हो. एकच नंबर."

पहिली सकाळ गाडीत गेली होती. दुसरी ही पार्काची. त्या दिवशी तरी ही झोपेल असं मी मनाशी ठरवलं होतं. पण ठरवून मी स्वतः झोपलो. उठलो तेव्हा आई हॉलमध्ये आपली रोजची वंदना म्हणत होती आणि ओट्यावर पराठ्यांची चवड तयार होती. "पार्कात सारं महाग असते म्हणे," आई वंदना आटोपून म्हणाली. पिशवी भरली, आम्ही निघालो.

गेटवरच्या तपासणीत मुलीनं पिशवी ठेवली. रखवालदारानं आत पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं की बाहेरचं खाणं आत नेता येत नाही.

"अन् कायले नाई?" आई पुढं झाली. "पराठे हायेत बाबू. बॉम नोय."

"आजी, नियम आहे."

"माया भाऊ पुलगावच्या डेपोत होता. दारूगोळ्याचा डेपो. तिथंबी गड्याचा डब्बा आत जाये!"

मागची रांग आता आमच्याकडे बघायला लागली होती. रखवालदार समजूतदार होता; म्हणाला, इथंच बाजूला बसून खाऊन घ्या, मग या. अन्न टाकणं आईच्या नियमात बसत नव्हतं आणि आत नेणं पार्काच्या. तेव्हा गेटबाहेर, झाडांच्या कठड्यावर ओळीनं बसून आम्ही दिवसभराचे पराठे सकाळीच संपवले. खाऊन झाल्यावर मुलगी मला म्हणाली, "पप्पा, ते गेटजवळचं हॉटेल आहे ना, त्यातले लोक बघा." पाहिलं. हातात काही नसलेली, नुसती अंघोळ करून आलेली माणसं डुलत डुलत आत चालली होती. हीही त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं रिकामे डबे एकात एक बसवले.

आत गेल्यावर पोरीच्या हट्टासाठी मी त्या उलट्या टांगणाऱ्या झुल्यात बसलो. "माणसानं भ्यायचं नाई," असं तिला वर जाताना सांगितलं. पुढचं सांगत नाही. कालचं मटण आणि आजचे पराठे यांची माझ्या आत गाठ पडली एवढं पुरे. खाली उतरल्यावर मी एका कुंडीशेजारी बसून होतो आणि पोरगी लाजून दुसऱ्याच कुटुंबाच्या बाजूला उभी होती.

झुल्यात बसायचं तर खिशातलं सगळं काढून ठेवावं लागतं. त्यामुळं बाकावर बसलेल्या हिच्या मांडीवर आमचे मोबाईल, माझा चष्मा, पाकीट, मुलीचे बूट आणि आईच्या गोळ्या. तिला वाटलं, इथं तरी डोळे मिटावेत. पण मांडीवर एवढी मालमत्ता घेऊन कोण झोपेल? त्यात अकोल्याचं एक कुटुंब बोलण्यावरून ओळखून जवळ आलं. "तुमी आपल्याच तिकडच्या न ताई? जरा पाह्यजा," म्हणून त्यांनीही पिशव्या ठेवल्या आणि गेले. संध्याकाळी मी विचारलं, "तू एकबी झुला नाई बसली?" ती म्हणाली, "मी हलूच शकत नव्हती."

ते ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. थकलेलं माणूस रागावत नाही, याची मला भीती वाटते.

शेवटच्या सकाळी मी चंगच बांधला. आज हिला उठू द्यायचं नाही. मीच चहा करणार. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेलो. दूध सापडलं, भांडं सापडलं. साखर सापडेना. सगळे कप्पे उघडून पाहिले. मग दबक्या पावलांनी खोलीत गेलो आणि तिच्या कानाशी हळूच विचारलं, "साखर कुठं ठेवली वं?"

तिनं डोळे न उघडता सांगितलं. मी गेलो. पाणी उकळलं. परत आलो. "पत्ती किती टाकू?"

तिनं बोटांनी दाखवलं. मी गेलो. चहाला रंग आला तसा मला हुरूप आला. म्हटलं, आता पूर्णच सुट्टी देऊ. दारातून, हात कमरेवर ठेवून, मोठ्या मायेनं विचारलं, "अन् नाश्त्याले काय करायचं आज?"

तिनं डोळे उघडले. छताकडे पाहिलं. आणि तेवढ्यात मागं फस्स करून सगळा चहा शेगडीवर उतू गेला.

ती उठली. मला हातानं बाजूला केलं, गॅस बंद केला, फडकं घेतलं. आवाजानं आई जागी झाली होती. ओटा पाहिला, मला पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "याचा बापबी असाच होता वं. पन त्याच्याजवळ मोबाईल नव्हता, म्हणून तरास जरा कमी होये."

मग स्वतःच पदर खोचून आईनं फडकं मागितलं. ही नको म्हणाली. दोघी मिळून पुसत राहिल्या. मी मधे उभा होतो. दोघींनाही मला वळसा घालून जावं लागत होतं.

संध्याकाळी कल्याणला गाडीत बसलो. आईला खालचा बर्थ, आमचे दोघां बापलेकींचे कुठं मधले, कुठं समोरचे, आणि हिला सगळ्यात वरचा. पंख्याजवळचा, जिथं सरळ बसता येत नाही आणि चढायला कसरत करावी लागते. मी म्हटलं, "तू इथं खाली ये, मी वर जातो." तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं, साडी सावरली आणि चढून गेली. घाट लागायच्या आत ती झोपली होती.

सकाळी बडनेरा गेलं तेव्हा डब्यात सगळे उठले होते. खिडकीबाहेर मेमधली आमची नांगरलेली काळी रानं, वर लख्ख ऊन. वर काही हालचाल नाही. आई म्हणाली, "सून उठली काय?" मुलगी म्हणाली, "मम्मी, चिवडा कोणत्या बॅगेत आहे?" पुन्हा विचारलं. वरून सावकाश एक आवाज आला, "पाह्यजा तुमीच." बस. पुढं काही नाही. उठणं नाही, वाकणं नाही. त्या उंचीवर कुणाचा हात पोचत नव्हता, आणि विचारायला जावं तर मान वर करून दुखत होती.

चहावाला आला. वरून एक हात खाली आला, बांगड्या वाजल्या. "भैया, एक इधर." त्यानं टाचा उंच करून कप दिला. ती कोपरावर रेलून, मान तिरपी करून तो चहा पीत राहिली, छताला लागून. कप रिकामा झाला तरी तशीच पडून राहिली, पाय पसरून. धामणगाव गेलं. पुलगाव आलं तेव्हा आईनं खिडकीतून आपल्या माहेराला हात जोडले आणि सवयीनं हाक मारली, "सूनबाई, पाह्य, पुलगाव!" ती म्हणाली, "पाह्यलं हाये मी," आणि कूस बदलली.

मला खालून तिचा तळवा तेवढा दिसत होता. तो आरामात हलत होता. एवढं पाहिल्यावर माझ्यानं राहवेना. या साऱ्या दगदगीतून काहीतरी माझ्या नावावर जमा व्हायला हवं होतं. समोरच्या बाकावरची माणसंही ऐकतील अशा बेतानं मी म्हटलं, "शेवटी भेटली न तुले तशी सकाळ? तिकीट कोणं काढलं?"

बर्थच्या कडेवरून तिचं तोंड बाहेर आलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण, झोपून ताजं झालेलं.

"तिकीट तुमी काढलं. बर्थ रेल्वेनं देल्ला. तुमी निवडला असता तं इथंबी गॅस असता."